चार नंबरच्या मागाचा खोटा बिघाड

मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते जॉबरमामांचं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते माग दुरुस्त करतात. त्या कामाला जॉबर म्हणतात आणि त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून जॉबरमामा. मामांचे कान गेलेत, असं सध्या त्या कारखान्यात बोललं जातंय. जॉबरचे कान गेले म्हणजे जॉबर गेला. ही अफवा बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्यामुळे उठली, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांचं टेंभुर्णीला हायवेवर पंक्चरचं दुकान. गणित घेऊन बी.एस्सी. करायला सोलापुरात आलो तेव्हा राहायला जागा नव्हती. ओळखीतून मामा भेटले आणि त्यांनी मालकांना सांगितलं, "पोरगं शिकतंय, माळ्यावर पडून राहील. उंदीर तरी कमी होतील." उंदीर कमी झाले नाहीत, पण मी तीन वर्षं राहिलो.

माळ्याखाली सहा माग. दिवसभर असा खडखडाट की स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येऊ नये. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाच माग बंद व्हायचे. माझ्या बरोबर खालचा, चार नंबरचा, तेवढा घाईच्या ऑर्डरीमुळे चालू असायचा. तो मामा स्वतः चालवायचे. माझ्या अभ्यासाला अख्ख्या दिवसात तोच एक तास आणि त्याच्या आड हा एकच माग.

त्याच सुमारास कॉलेजातल्या एका सिनियरने मला एक अल्बम दिला, मेमरी कार्डातून. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. परदेशातल्या कुठल्याशा थंड गावातल्या चार पोरांनी हा एकच अल्बम काढला, तो फारसा कुणी ऐकला नाही आणि ती पोरं नंतर बहुधा नोकरीला लागली. गाणारं कुणी नाही. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. या प्रकाराला मॅथ रॉक म्हणतात हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, निदान अभ्यासक्रमातलं काहीतरी ऐकतोय असं. तो ऐकणं म्हणजे अंधारात जिना उतरणं. पायरी आहे म्हणून पाय टाकावा तर पायरी नाही, आणि जमीन आली म्हणून थांबावं तर अजून एक आहे.

हेडफोन बिघडले होते, म्हणून एका दुपारी मी छोटा स्पीकर माळ्याच्या फळीवर ठेवला. आवाज जरा घुमावा म्हणून उलटा. फळी लोखंडी अँगलवर, अँगल खांबावर. आणि खाली मामा त्याच खांबाला तळहात लावून उभे. मामा माग कानाने ऐकत तसाच हातानेही ऐकत. तिसरं गाणं लागलं, त्याचे ठोके खांबातून खाली उतरले आणि मामांनी चार नंबर खाडकन बंद केला.

"ठोका चुकतोय," मामा स्वतःशीच म्हणाले.

मी घाबरून गाणं बंद केलं. मामांनी आडवा धागा नेणारा धोटा काढून पाहिला, पट्टा पाहिला, तेल घातलं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत माग बंद. त्या शांततेत माझी दोन प्रमेयं पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकर उलटा ठेवला तो मुद्दाम.

परीक्षा जवळ येत होती. रोज जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं तिसरं गाणं, माग बंद, गाणं बंद, पुस्तक उघड. एकदा गाणं बंद करायला जरासा उशीर झाला. माग थांबलेला आणि त्या शांततेत ड्रमचा एकच ठोका पडला. धप्प. मामांनी वर पाहिलं, नाकात तपकीर ओढली आणि पुन्हा मागात डोकं घातलं.

आठवड्याने मालक आले.

"मामा, रोज चांगला चालता माग बंद करताय म्हणं. कान तपासून घ्या जरा."

"व्हय मालक," मामा म्हणाले. "वय झालं की."

वर माझ्या हातातलं पुस्तक जड झालं. कबूल करावं तर माळा जाणार, न करावं तर मामांची इज्जत. मी काय केलं? गप्प बसलो. फक्त त्या दिवसापासून स्पीकरला हात लावायचा नाही असं ठरवलं. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली, चार नंबर सुरू झाला, मी कानात कापूस घातला. आणि माग आपोआप थांबला.

"काय बे गणित!" खालून हाक. "आज बाजा झोपला काय तुझा?"

मी शिडीवरून अर्धा उतरलो. "मामा, तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. माग काय घड्याळ बघून बिघडतो व्हय?"

"मग मालकांना..."

"मालकाला काय सांगू? पोराचा पेपर हाय म्हणून माग बंद ठेवतो? तू वाच. आन नापास झालास तर खाली ये, ह्याच मागाला बांधतो."

पेपर झाल्यावर मामांनी तो अल्बम पूर्ण ऐकला, खांबाला हात लावूनच. बोटांवर ठोके मोजत राहिले. मग म्हणाले, "सात, सात, सात, आठ. बेण्यांनी मुद्दाम केलंय. चुकून एवढं बरोबर चुकता येत न्हाय."

मी आता टेंभुर्णीला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. तो अल्बम अजून ऐकतो. आठ कधी येणार हे ठाऊक असूनही दरवेळी फसतो आणि दरवेळी हसू येतं. त्याच्याबद्दल मामांच्या त्या वाक्याहून चांगलं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. कारखाना आता मालकांचा मुलगा बघतो. नवा जॉबर आणायचा आणि मामांना टॉवेलच्या घड्या घालायला बसवायचं चाललंय. पुरावा काय, तर वडिलांनी सांगितलेली चार नंबरच्या मागाची गोष्ट. मामा हसत सांगत होते, पण घड्यांचं दोनदा सांगितलं. फोनवरचं बोलणं कुणाला दाखवता येत नाही, म्हणून मी पत्र लिहिलं.

मामा,

नमस्कार. हे पत्र तुम्ही वाचा आणि मग धाकट्या मालकांना वाचायला द्या.

चार नंबरचा माग कधीच बिघडला नव्हता आणि तुमचे कानही बिघडले नव्हते. ठोका मी चुकवत होतो. तुम्ही तो एका दिवसात ओळखलात आणि माझा पेपर होईपर्यंत बहिरेपणा स्वतःच्या अंगावर घेतलात. त्या पेपरात मी पास झालो. तेव्हाच मालकांपुढे उभं राहून हे सांगायला हवं होतं. मी भित्रा होतो.

धाकट्या मालकांना शंका असेल तर सोबत मेमरी कार्ड पाठवतोय. तुम्हाला आणि नव्या जॉबरला खांबाला हात लावून उभं करा म्हणावं, आणि तिसऱ्या गाण्यात आठ कुठे येतो ते विचारा म्हणावं. मी रविवारी येतोय. निकाल मी देईन, गणिताचा मास्तर आहे.

स्पीकर उलटा ठेवायला विसरू नका.

तुमचा,
गणित