वाइन, आत्या आणि भोंगवलीचा पिवळा गूळ

ऑफिसच्या पार्टीत अर्धा ग्लास वाइन घेतली की माझा चेहरा लालबुंद, अंगावर गांधी आणि छातीत शिट्टी. तिसऱ्यांदा असं झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "वाइन टिकायला त्यात सल्फाइट घालतात. तुम्हाला दमा आहेच, तेव्हा तो प्रकार बंद. पंप कायम जवळ ठेवा." आत्ता कुठे मला वाइनची चव कळायला लागली होती, आणि हे! दोन दिवस मी तोंड फुगवून बसले. शेवटी नवरा, म्हणजे नितीन, म्हणाला, "चल, वेल्ह्याला जाऊ. तिथल्या हवेत कुणी काही घालत नाही."

जानेवारीतल्या एका शनिवारी निघालो. नसरापूरला हायवे सोडला. विंझरपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्डे चुकवत जायचं. विंझरच्या टपरीवर चहावाल्यानं विचारलं, "तोरणा चढनार का?" म्हटलं, नाही, खालूनच बघणार. "मंग बरं. लई जनं गुडघं धरून उतरत्यात." वेल्ह्यात खानावळीत पिठलं, भाकरी आणि वाफाळता इंद्रायणी भात, शंभर रुपयांत पोट तुडुंब. राहायची खोली साधीच मिळते. थंडीत जाणार असाल तर पांघरूण आपलं न्या, तिथलं पुरत नाही.

रविवारी भोरला जायचं होतं, पण त्याच तालुक्यात भोंगवलीला नितीनच्या आत्या राहतात. त्यांना न भेटता गेलो असतो तर आमची धडगत नव्हती. आत्या माळकरी, दारूचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणाऱ्या.

"नित्या, सूनबाईला काय चालत न्हाई ते आदी सांग," आत्या म्हणाल्या.

नितीन माझ्याकडे न बघता म्हणाला, "द्राक्षं. द्राक्षं चालत नाहीत तिला."

मला हसू आवरेना, पण खरं सांगू, बरंच वाटलं. बिचाऱ्या आत्यांनी शिऱ्यातला बेदाणा न् बेदाणा वेचून काढला. वर फडताळातून गुळाची ढेप काढली, पिवळीधमक. "घरात आमी काळाच खातो. ह्यो पाव्हण्यांचा," म्हणत शेंगदाण्यांबरोबर मोठा खडा हातावर ठेवला. मी आणखी एक मागून घेतला.

थोड्याच वेळात मान खाजायला लागली. मग ओठ जड झाले आणि छातीत तीच ओळखीची शिट्टी. पंप घेतला, तरी श्वास पुरेना. मी घाबरले, चांगलीच घाबरले. नितीननं गाडी काढली आणि आत्या, पायात चप्पलही न घालता, माझी पाठ चोळत शेजारी बसल्या.

भोरला एसटी स्टँडजवळ एका डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, वाफेचा मास्क लावला. श्वास जरा मोकळा झाल्यावर त्यांनी विचारलं, "कशाची ॲलर्जी आहे?"

"द्राक्षांची," नितीन.

"आज खाल्ली का?"

"न्हाई वो," आत्या म्हणाल्या, "बेदानंसुदिक येचून काडलं व्हतं."

"मग याआधी द्राक्षं खाऊन नेमकं काय झालं होतं?"

नितीननं आत्यांकडे बघितलं, मग छताकडे. मी मास्क बाजूला केला. "द्राक्षं नाही. वाइन. वाइन प्यायले की होतं."

डॉक्टरीणबाईंनी आज काय काय खाल्लं ते विचारलं आणि गूळ म्हटल्यावर लगेच त्याचा रंग विचारला. "पिवळा दिसावा म्हणून काढताना पावडर टाकतात. तीही वाइनमधल्या सल्फाइटच्याच जातीची. बहुतेक त्यानंच झालंय."

आत्या कानावर हात ठेवतील म्हणून मी डोळेच मिटले होते. पण त्या नितीनवर उखडल्या. "माज्या लाजंपायी पोरीचा जीव घालवत व्हतास व्हय रं?" मग माझा हात धरून रडायला लागल्या. "तू काय पितीस ते तुजं तू बघ, पोरी. पर खरं सांगितलं आस्तंस तर म्या काळा गूळ दिला नसता का?" मग मीही रडले.

भोरचं काहीच बघणं झालं नाही. घरी आल्यावर वाइन सोडली, तिचं दुःख अजून आहे. पण तुम्हालाही वाइननं असं होत असेल, तर गावाकडे जाताना पंप न्या आणि गुळाचा रंग बघा.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पुतण्याचं जावळ होतं. भरल्या पंगतीत आत्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्या पानात पिवळ्या गुळाचा लाडू नगं. वाईन पिऊनबी हिला आसाच तरास झाला व्हता." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वाढणाऱ्या माझ्या सासूबाई जागच्या जागी थांबल्या. मग त्यांनी माझ्या पानातला लाडू उचलला, तिथे पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "दोन घे."