दत्ताराम पेंटरची भिंत आणि प्रमुख पाहुणे

दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत दत्तारामला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याचा ओरडा खाल्लेला नाही असाही नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो, साठीला आलाय, चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवतोय आणि चाळीस वर्षं चिडलेला आहे. वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या बाजूचं. त्यामुळे एरवी बोलायला मुंबईची मराठी आणि रागवायला मालवणी, अशी त्याची वाटणी आहे. मालवणी सुरू झाली की समोरच्याने जिना गाठावा.

भिंतीत खिळे ठोकणाऱ्यांना तो माणसांत धरत नाही. तेल चोपडलेलं डोकं भिंतीला टेकून टीव्ही बघणाऱ्यांसाठी त्याच्याकडे वेगळ्या शिव्या आहेत. मुलुंडच्या एका बाईंनी ‘नुसता पांढरा द्या हो’ म्हटलं, तर त्याने विचारलं, कुठला पांढरा? भाताचा, चुन्याचा, की तुमच्या मिस्टरांच्या बनियनचा? बाईंनी पेंटर बदलला नाही, हे विशेष. कारण दत्तारामने ओढलेली रेघ सरळ असते, आणि सरळ रेघेसाठी माणसं बरंच ऐकून घेतात.

या रागाच्या तळाशी एक दुखणं आहे. रंगाऱ्याला त्याचं काम पुन्हा बघायला मिळत नाही. काम संपलं की कपाटं जागेवर जातात, दार बंद होतं आणि त्या घरात त्याला कोणी चहाला बोलावत नाही. घाटकोपरला, बोरिवलीला रस्त्याने जाताना दत्ताराम मान वर करून बायकोला सांगायचा, ‘त्या खिडकीच्या आत माझा पिस्ता आहे.’ वनमालाताई बिचाऱ्या मान वर करायच्या. त्यांना खिडकीवर वाळत घातलेले टॉवेल दिसायचे.

म्हणून सोसायटीला पंचवीस वर्षं झाली आणि खालच्या प्रवेशाची चौदा फुटी भिंत सजवायचं ठरलं, तेव्हा दत्तारामने ती मागून घेतली. मजुरी नको म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची एक भिंत अशी असणार होती, जी तो रोज जाता-येता बघू शकेल. एवढंच त्याला हवं होतं, आणि हे तो एवढ्या रागाने बोलला की कमिटीने ताबडतोब मंजूर केलं.

डिझाइनची टेप आणली त्याच्या मुलीने, दीप्तीने. ती अंधेरीला घरं सजवणाऱ्यांच्या ऑफिसात आहे. रंगारी लावतात तशीच कागदी चिकटपट्टी, फक्त कडा सरळ नाहीत, लाटेसारख्या कातरलेल्या. भिंतीवर चिकटवायची, वरून रंग द्यायचा, पट्टी ओढून काढायची, की खाली लाट तयार. दत्तारामने रीळ नाकाजवळ धरून बघितलं आणि आता भिंती शिंप्याकडूनच शिवून घ्या म्हणाला. सुतळीला गेरू लावून रेघा मारत मोठा झालेला माणूस तो. दोन दिवस त्याने रिळाकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून माळ्याच्या दारावर हातभर पट्टी लावली, रंगवली, ओढली. दीप्ती आली तेव्हा तो दारासमोर उभा होता आणि भयंकर संतापलेला होता.

‘ही मेली इतकी वर्सां खंय होती?’ तो म्हणाला. ‘लाटो काढून काढून माझी मान मोडली.’

पुढचे चार दिवस सोसायटीने चपला हातात घेऊन ये-जा केली. आधी भिंतीला सायीचा रंग. तो पुरता वाळल्यावर वर पट्ट्या, ओळीखाली ओळ, सोळा ओळी, प्रत्येक कड नखाने दाबून बसवलेली. मग निळ्याचा पहिला, पातळ हात. राहिला दुसरा. आणि इथे कमिटी आडवी आली.

आपल्याकडे माणसाला एक विचित्र खोड आहे. पाण्याची टाकी धुतली तरी तिचं उद्घाटन करायला कोणीतरी बाहेरचा लागतो. घरचा माणूस दहा दिवस राबलेला चालतो, फोटोत मात्र पाहुणा हवा. आमचे सेक्रेटरी श्यामसुंदरराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून या खोडीचे विभागप्रमुखच आहेत. पट्टी ओढली की लाट दिसते, हे त्यांना कळलं मात्र, त्यांचे डोळे चमकले. फीत कापायची गरजच नाही! विभागातले चंद्रप्रकाशभाऊ येतील, टाळ्यांच्या गजरात पट्टी ओढतील, मग त्यांच्याच हस्ते दत्तारामला शाल आणि श्रीफळ. चंद्रप्रकाशभाऊ म्हणजे कोपऱ्यावरच्या फलकावर वर्षभर नमस्कार करत उभे असलेले गृहस्थ. प्रत्यक्षात त्यांचे हात जोडलेले कोणी पाहिलेले नाहीत.

दत्तारामने आधी नाही म्हटलं. पट्टी रंग ओला असतानाच काढावी लागते. रंग सुकला की त्याची आणि पट्टीची एक कातडी होते, आणि ओढताना कडा फाटून येतात. श्यामसुंदररावांनी हे शांतपणे ऐकलं आणि मग रंग उशिरा दे, असा तोडगा काढला. भाऊ साडेपाचला येणार, अगदी नक्की. वनमालाताईंनीही गळ घातली, चारचौघांत मान होतोय तर होऊ द्या. दत्तारामने कार्यक्रमाच्या दिवशी साडेचारला निळ्याचा दुसरा हात सुरू केला, सव्वापाचला ब्रश ठेवला आणि बजावलं, सहाच्या पुढे एक मिनिट नाही.

साडेपाचला खुर्च्या भरल्या. पावणेसहाला भाऊ निघाले असं कळलं. सहाला कळलं की निघतायत. सहा-पाचला दत्तारामने करंगळीने एका कडेला हात लावला. रंग बोटाला लागत नव्हता, नुसता चिकटत होता. त्याने पट्टीचं टोक नखाने उचललं.

श्यामसुंदरराव धावत आले. ‘दत्ताराम, काय करतोस तू? भाऊ जोगेश्वरीपर्यंत पोहोचलेत. दहा मिनिटं कळ काढ ना यार.’

‘मी काढीन कळ. रंग कोणाची वाट बघणा नाय.’

‘अरे, मी त्यांना शब्द दिलाय.’

‘मग शब्द ओढूक देवा त्यांका,’ दत्ताराम म्हणाला. ‘पट्टी मी ओढतंय.’

आणि त्याने ओढली. खसकन नव्हे, तिरकी, हळूहळू, दुधावरची साय काढावी तशी. पहिली लाट निघाली, स्वच्छ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरी. पोरांनी मोजायला सुरुवात केली. सोळावी निघाली तेव्हा समोर निळं पाणी उभं होतं आणि टाळ्या वाजत होत्या, कोणत्याही गजराशिवाय. दत्ताराम मागे सरून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग नव्हता, असं वनमालाताई अजून सांगतात. आमचा विश्वास बसत नाही, पण त्या संसार केलेल्या बाई आहेत.

मग त्यांनी त्याला वर नेलं, अंघोळ करून कडक शर्ट घालायला. तिथेच घात झाला.

भाऊ आले आठला. दहा माणसं, दोन फोटोवाले. श्यामसुंदररावांना घाम फुटला, कारण आता भाऊंनी ओढायचं काय? माणूस घाबरला की हुशार होतो, ही समजूत चुकीची आहे. तो फक्त चपळ होतो. त्यांनी ऑफिसातून पार्सलला लावायची रुंद चिकटपट्टी आणली, भिंतीच्या बरोबर मध्यावर हातभर चिकटवली, नीट दाबली आणि तिच्या टोकाला लाल रिबन बांधली. तीन तासही न झालेल्या रंगावर. दीप्ती ‘काका, नको’ म्हणेपर्यंत भाऊंनी फोटोवाल्याकडे तोंड करून रिबन धरली आणि झटक्यात ओढली.

परातीएवढा निळा रंग पट्टीसकट निघून आला. खाली सायीच्या रंगाचा गोल उघडा पडला. भाऊंना वाटलं असंच असतं. ‘वा, मध्ये चंद्र काढलाय,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या दहा माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी नाही. कारण कडक शर्टातला दत्ताराम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता.

आम्ही मालवणीची वाट बघत होतो. इतकी वर्षं खिळ्यांवर, तेलकट डोक्यांवर खर्च केलेला तो सगळा दारूगोळा आज खरा कामी येणार होता. दत्ताराम सरळ भिंतीपाशी गेला, फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवला, जिन्याखालचा डबा, बारीक ब्रश आणि पॉलिश पेपरचा तुकडा काढला. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पहिल्या रांगेतली एक खुर्ची उचलली, भिंतीसमोर ठेवली आणि सगळ्या सत्काराकडे पाठ करून बसला. आधी कडा घासल्या. मग निळं भरायला घेतलं, लाटेची जागा सोडत सोडत, पट्टीशिवाय, हाताने.

श्यामसुंदरराव वाकून त्याच्या कानाशी लागले, शाल तेवढी घे, उद्या कर हे. तो कड भरत राहिला. भाऊंनी बाजूच्या टेबलापाशी माइक हातात घेतला, कलेविषयी दोन वाक्यं बोलले आणि थांबले, कारण समोरच्या खुर्च्या एकेक करून भिंतीकडे वळत होत्या. लोक भाऊंना पाठमोरे झाले होते. शेवटी भाऊच शाल घेऊन पुढे आले आणि दत्तारामच्या खांद्यावर टाकायला त्यांनी एक हात भिंतीवर, नुकत्याच भरलेल्या निळ्यावर टेकला.

‘भाऊ,’ दत्ताराम न वळता म्हणाला, ‘भाषण करा. रात्रभर करा. माका आवाजाचो तरास नाय. भिंतीवरचो हात काढा.’

भाऊंनी हात काढला. तळवा निळा झाला होता. फोटोवाल्यांनी फोटो घेतला नाही. दत्तारामने भाऊंच्या पाच बोटांचा ठसा बघितला, ब्रश बुडवला आणि तोंडातल्या तोंडात, अखेर, मालवणी सुरू केली.