आक्कांची सुई

आक्का कुठल्याही बाईला "दुखतं का?" असं विचारत नसत. गर्भाशयाचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या खाटेशी येत, पायाकडची चादर उचलत आणि नुसते अंगठे बघत. अंगठे आखडलेले दिसले, की टाक्यांच्या दोन्ही बाजूंना नोव्होकेनची सुई देत. तेवढी जागा बधिर होई आणि बाईचा तासभर तरी डोळा लागे.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. जालन्याच्या आमच्या लहानशा सरकारी दवाखान्यात आक्का नर्स होत्या, मी कंपाउंडर. त्या धावडा गावच्या, लहानपणीच विधवा झालेल्या. डॉक्टरांनी ती सुई केवळ विश्वासावर त्यांच्या हाती दिली होती. ओरडणाऱ्या बायकांना त्या म्हणत, "वरडा खुशाल! डाक्टरच्या बापाचं काय जातं?" त्यांना घोर असे तो गप्प राहणाऱ्यांचा.

एकदा जाफराबादला एका अडलेल्या बाळंतिणीसाठी जाताना मला बजावून गेल्या, "मस्तगडच्या मारवाड्याच्या सुनेचं आपरेशन कालचंच हाय. आवाजावर जाऊ नका, कंपोंडर. पाय बघा आन् सुई द्या."

दुपारी मी गेलो. सून घुंगटात, सासू उशाशी. परक्या बाईच्या पायावरची चादर उचलायला मला संकोच वाटला. मी सासूलाच विचारलं. "काही न्हाई दुखत. आमच्या घरच्या बायका मजबूत," ती म्हणाली. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला जेवायला जायचं होतं.

संध्याकाळी आक्का परतल्या. घुंगट बाजूला केला, तर सुनेनं खालचा ओठ दातांनी फाडून घेतला होता. घरून बोलावलेले डॉक्टर संतापले. "हिला सुई का दिली नाही?"

आक्का समोरच उभ्या होत्या. मी म्हणालो, "मला कुणी सांगितलं नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. माझं लग्न ठरलेलं त्यांना ठाऊक होतं. नोकरी गेली असती तर ते मोडलं असतं. "सांगायचं राह्यलं आसंल," एवढंच बोलल्या. हे मी आजवर घरातही बोललो नाही.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सुई बंद झाली. आणि डॉक्टर दुपारनंतर दवाखान्यात नसत. औषधांच्या कपाटाची किल्ली आक्कांकडून माझ्याकडं आली. आक्का औषधांच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणत, "कंपोंडर, एक द्या." मी विचारायचो, "चिठ्ठी?" त्या वॉर्डात परत जात.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. सकाळच्या मोटारीवर त्यांची ट्रंक चढवून दिली आणि धीर करून म्हणालो, "आक्का, चूक माझी होती. माफ करा."

"मला काय सांगून राह्यले? मला कुठं दुखून राह्यलं?" त्या म्हणाल्या. "डाक्टरला सांगा. वार्डात तिघी पडल्यात."

मोटार गेली. मी परतलो तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात एकटेच बसले होते.

"गेल्या का बाई?" त्यांनी विचारलं.

"गेल्या," मी म्हणालो आणि औषधांच्या खोलीत गेलो.