दोन्ही पाय

डॉक्टर सरोजताई पेशंटच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पाय धरायच्या. खेड्यातले म्हातारे लाजून पाय आखडून घ्यायचे. "अवो बाई, माह्या पाया काऊन पडता?" ताई म्हणायच्या, "पाया नाई पडत बाबा, नाडी पाहून राह्यली. आशीर्वाद द्याचा असंन तं देऊन टाका." मोठ्या दवाखान्यातली कॅज्युअल्टी त्या सांभाळायच्या. नवे डॉक्टर त्यांच्याच हाताखाली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ह्यांच्या पायथ्याशी. पंधराएक वर्षांमागं एका भर दुपारी ह्यांच्या पाठीत फाडल्यासारखी कळ आली, सदरा घामानं भिजला. आमच्या नालवाडीहून ऑटोनं ह्या दवाखान्यात नेलं, तर ह्यांनी स्वतःच निदान सांगून टाकलं, "काल भरीत जास्त झालं. गॅस हाय." आपल्याकडे काहीही झालं की गॅसच! डॉक्टर अनिकेत, कोवळा पोरगा. त्यानं ईसीजी काढला, तो बरा निघाला. इंजेक्शन देऊन म्हणाला, "काकू, घरी न्या." मी ह्यांच्या पायात चपला घालत होते, तेवढ्यात ताई आल्या.

त्यांनी दोन्ही पाय धरले, सोडले आणि पुन्हा धरले. "अनिकेत, इथं बोट ठेव. आता ह्या पायाले." पोराचा चेहरा पांढरा पडला. डाव्या पायाला नाडीच नव्हती.

"मॅडम, तेच म्हणाले गॅस..."

"त्यायले म्हणू दे. तू काऊन मानलं?"

छातीतली मोठी रक्तवाहिनी आतून फाटत चालली होती, म्हणून त्या पायापर्यंत रक्तच पोचत नव्हतं. घरी नेलं असतं तर... हे वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही.

नागपूरला न्यायची गाडी येईस्तोवर तो पोरगा पुन्हा पुन्हा ह्यांच्या पायाची नाडी बघत होता. मला वाटलं, आता ताई ह्याला झाडतात. त्या हळूच म्हणाल्या, "भेव वाटून राह्यलं ना? वाटू दे. मलेबी रोज वाटते. भेव सरलं का डॉक्टरनं घरी बसावं. पेशंट घरी धाडायच्या आधी मले आवाज देत जा. आन एक पाय पाहून थांबू नको."

ऑपरेशन झालं, हे वाचले. माझी भीती मात्र गेली नाही. ह्यांना ढेकर आला तरी मी पाय चाचपते. हे चिडवतात, "आता पाया पडून राह्यली? लग्नात तं पडली नाई!"

मागच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. त्यांना घराच्या अंगणात ठेवलं होतं. दर्शनाला वाकले, तर माझ्या आधी अनिकेत तिथं बसलेला, आता कानशिलं पिकलेली. त्याचं बोट ताईंच्या घोट्यापाशी टेकलं होतं. मग त्यानं हात उचलला आणि दुसऱ्या पायावर ठेवला.