शाल कशाबद्दल?

चिपळूणहून निघताना बॅगेत सगळ्यांत वर एक शाल ठेवली होती. दुबईच्या उन्हात शाल! पण माझ्या मुलाचा, समीरचा, फोनच तसा होता. "आई, इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना भेटायचंय. रिकाम्या हातानं कसं जायचं?" मी तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली दहा मुख्याध्यापिका म्हणून. मोठा माणूस दिसला की शाल घालायची, हे हाताला वळणच पडलेलं.

भेटीचं कारण होतं माझी दहा वर्षांची नात, इरा. तिच्या वर्गाला गृहपाठ होता, आपला आदर्श कोण ते सांगा. अट एकच, त्या माणसाशी मुलानं स्वतः बोललं पाहिजे. मग त्याचा फोटो वर्गाच्या भिंतीवर लागणार. समीरनं अध्यक्षांचं नाव ठरवूनही टाकलं. इराला कुणी विचारलंच नाही.

अध्यक्षांचं ऑफिस जबल अलीला, बंदराजवळच्या गोदामांच्या गर्दीत. दीड तास बसवून ठेवलं. एसी असा की ती शाल मीच पांघरायच्या बेतात होते. शेवटी अध्यक्ष आले, कानाला फोन लावूनच. इरानं वही उघडून पहिला प्रश्न विचारला, "अंकल, व्हॉट डिड यू डू?"

"बेबीला आपलं ब्रोशर द्या रे," त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं. "यल्ला (चला), पटकन फोटो!"

फोटो निघाला, खलास (संपलं), आम्ही बाहेर. शाल पिशवीतच राहिली, कारण त्यांचा फोन कानावरून खाली आलाच नाही. माझं डोकं तापलं होतं. त्यात गाडीचं चाक पंक्चर, आणि डिकीतल्या जादा चाकातही हवा नव्हती. समीर मदतीसाठी फोन करत राहिला, मी आणि इरा समोरच्या कॅफेटेरियात (टपरीवजा हॉटेलात) शिरलो. करक (घट्ट उकळलेला दुधाचा चहा) आणि अंड्याचा पराठा मागवला. चहा झकास होता, हे रागातही कबूल करते.

शेजारच्या टेबलावर चौघं-पाचजण मराठीतच बोलत होते. मधला चाळिशीचा माणूस एकाला विचारत होता, "कळ येते का चमक मारते? नीट सांग, बाबा." मला राहवलं नाही. विचारलं तर कळलं, हा दत्ताराम, गुहागरकडचा, गोदामात क्रेन चालवतो. गावाकडून आलेल्या माणसांना आपलं दुखणं डॉक्टरला सांगता येत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी हा त्यांना दवाखान्यात घेऊन जातो. त्याच्या वहीत ओळीनं लिहिलेलं होतं: कळ, मुरडा, चमक, ठणका, जळजळ. प्रत्येकासमोर हिंदी, इंग्रजी, मल्याळम, अरबी.

"पोटात दुखतंय एवढंच सांगितलं तर गोळी देऊन परत पाठवतात, बाई," तो म्हणाला. "एकाचं अपेंडिक्स फुटायला आलेलं. तेव्हापासून लिवायला लागलो."

इरा तिथे पाऊण तास बसली. तिची वही भरली. उठताना दत्तारामचा फोटो काढून म्हणाली, "आजी, आय वॉन्ट हिम." शाल माझ्या पिशवीतच होती. ती काढावी असं माझ्या मनातही आलं नाही. हे मला अजून खुपतं.

घरी समीर भडकला. "आई, क्लासमध्ये ब्रिटिश, एमिराती मुलं आहेत. इंडियन म्हणजे लेबर, असं त्यांना ऑलरेडी वाटतं. त्यात आपणच क्रेनवाल्याचा फोटो लावायचा?"

खरं सांगते, मला त्याचं थोडं पटलं. दुसऱ्या दिवशी इराच्या बाईंना विचारायलाच मी शाळेत गेले. मिस ग्रेस बर्मिंगहॅमच्या, काळ्या ब्रिटिश. माझं ऐकून हसल्याच.

"आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कुणाचे फोटो लावायचे, यावरून हेच भांडण चालायचं," त्या म्हणाल्या. "शाळेच्या भिंतीवर काळी माणसं म्हणजे फक्त धावणारी, नाहीतर गाणारी. म्हणून आमचे वडीलधारे म्हणायचे, वकील लावा, डॉक्टर लावा, गोऱ्यांना दिसू दे. माझी आई म्हणायची, आपला बस ड्रायव्हर लावा. उशीर झालेल्या मुलींना न्यायला घरचं कुणी येईपर्यंत तो स्टॉपवर बस थांबवून ठेवायचा. गोरे पाहुणे त्याच्या फोटोकडे बघायचेही नाहीत. आम्ही मुली मात्र त्याच्यासमोर थांबायचो."

"मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही. डॉक्टर आहे, ड्रायव्हरही आहे. भांडण अजून चालू आहे! पण फोटो कुणासाठी लावतोय, हे तरी आम्ही एकमेकांना विचारायला लागलो."

घरी येऊन मी समीरला सांगितलं, फोटो दत्तारामचाच जाईल. दोन दिवस तो धुसफुसत राहिला. तिसऱ्या दिवशी इराला शाळेत सोडताना मी खिडकीतून पाहिलं, दत्ताराम भिंतीवर होता, हातात वही घेऊन.

चिपळूणला परत आल्यावर पहिल्याच रविवारी गुहागरची एसटी धरली आणि दत्तारामचं घर शोधून काढलं. त्याची आई अंगणात कोकमं वाळत घालत होती. मी तिच्या खांद्यांवर शाल घातली. तिनं ती काढून हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "शाल कशाबद्दल गो, बाय?"

तीस वर्षांत किती शाली घातल्या मी, आमदारांना, सभापतींना, संचालकांना. एकानंही हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी चपला काढल्या, ओटीवर बसले आणि म्हटलं, "आत्या, तुमच्या दत्तारामकडे एक वही आहे."