अप्पांच्या कानातली घूं

आमच्या गावच्या मठात सोमवारी पेटीवर वचनं, म्हणजे भक्तीची पदं, म्हणतात. माझे वडील, अप्पा, तिथे वर्षानुवर्षं पुढच्या रांगेत बसायचे. मागे एकदा कोणीतरी त्यांना म्हणालं, "अप्पा, तुमी जरा मागं बसा, सूर सुटायलाय." अप्पा मागे बसले नाहीत, त्यांनी जाणंच बंद केलं. त्या माणसाला चार शब्द सुनावावेत इतका मला राग आला. पण अप्पांना कमी ऐकू येतं, हेही खरंच होतं.

मी चिटगुप्प्याला शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत बसून अप्पांसाठी हेडफोन अँप्लिफायर केला. समोर माइक, कानाला हेडफोन, म्हणजे पेटी ऐकू येईल आणि स्वतःचा गळाही. वीज द्यायला सेट टॉप बॉक्सचा जुना अडॅप्टर जोडला आणि तिथेच माशी शिंकली.

"घूं घूं करायलंय माय," अप्पा म्हणाले. "ह्यात सूर कसा लागंल?"

त्यानंतर सूर चुकला की त्यांचं बोट माझ्या अँप्लिफायरकडे. नाचता येईना अंगण वाकडे, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. कारण अंगण खरंच वाकडं होतं.

अडॅप्टर काढून टाकला. ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, व्होल्टेज एकसारखं ठेवणारा रेग्युलेटर असा नवा सप्लाय बांधला आणि अँप्लिफायरपासून हातभर लांब, स्टीलच्या डब्यात बसवला. चिटगुप्प्यात माझ्या टेबलावर घूं औषधालाही नव्हती. रविवारी मोठ्या ऐटीत गावी नेला. दुपारी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि घूंबाई परत हजर!

मीटर लावला. दोनशेतीसच्या जागी एकशेसत्तर व्होल्ट. रेग्युलेटरलाच पुरेसं मिळत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"ऱ्हाऊ दे आता," अप्पा म्हणाले. "वय झालंय माझं."

"तुमचं झालंय, माझ्या सप्लायचं न्हाई," मी म्हटलं.

पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या मिस्त्रीला गाठलं. व्होल्टेज पडलं तरी पुरून उरेल इतके वेढे देऊन ट्रान्सफॉर्मर भरून द्या, म्हटलं. तो हसायलाच लागला. "अक्का, मैं बोर के मोटरां भरतूं, ये तो अंगूठे इत्ता है!" मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि भरून झाल्यावरच उठले. आता वीज पूर्ण आली की रेग्युलेटर तापायचा, म्हणून तो डब्याच्या पत्र्याला कसून बसवला.

पुढच्या रविवारी मोटारी सुरू व्हायची मुद्दाम वाट पाहिली. पंखा मंदावला. अप्पांनी हेडफोन चढवला.

"बंद हाय काय?"

"चालू हाय."

त्यांनी पेटीवर सूर धरला, एक ओळ म्हटली आणि थांबले. तीच ओळ पुन्हा म्हटली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"माय, सूर खरंच सुटायलाय की माझा."

इतका खटाटोप करून मी त्यांचं शेवटचं निमित्तच काढून घेतलं होतं. डोळे भरून आले. "जुना अडॅप्टर लावते परत," असलं काहीतरी मी पुटपुटले.

"कामून?" अप्पा खेकसले. "किती सुटायलाय ते आत्ता कुठं कळायलंय मला." हेडफोन पुन्हा कानावर चढला. "काळी दोन आता झेपायची न्हाई. खालची पट्टी घेतो, पांढरी एक. आन् मठात सांगून ठेव, सोमवारी येतो म्हणावं. मागं बसतो."

त्यांनी पेटीच्या भात्याला हात घातला, पण सूर धरायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाले, "सध्या."