शिवकांताबाईंचं ऊन

शिवकांताबाई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान होत्या, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. ते साल ब्याऐंशी. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, नवी कलेक्टर कचेरी उघडली आणि माझे यजमान तिथं कारकून म्हणून आले. मलाही जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली मिळाली. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

भिंतीला भिंत लागून माणिकप्पांचं बिऱ्हाड होतं. माणिकप्पा मोंढ्यात मापाडी, दिवसभर करडई आणि तूर मापायचे. मूळचे रेणापूरकडचे लिंगायत, अबोल माणूस. घरात बायको शिवकांता आणि नऊ वर्षांची महानंदा. शिवकांताबाई दिवसा दारात दिसायच्या नाहीत. दिवस मावळला की पदर पार नाकापर्यंत ओढून बाहेर यायच्या, ओट्यावर बसायच्या. घरमालकिणीनं मला पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या बाईच्या हातचं पाणी घिऊ नका. महारोग हाय तिला."

आणि मी घेतलं नाही. शिकलेली, मास्तरीण असून घेतलं नाही. पुढचं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

महानंदा माझ्याच वर्गात आली, चौथीत. हुशार पोरगी. पण दिवसातून तीनतीनदा उभी राहायची, "बाई, घरी जाऊन येऊ?" शाळा गल्लीच्या तोंडाशीच होती. एक-दोनदा रागावले, मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या मागोमाग गेले. पोरगी धावत घरात शिरली, आतल्या अंधारात आई डाळ निवडत बसली होती, तिच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि तशीच परत फिरली. दारात मला बघून दचकली.

"काय बघायला येतेस गं?"

"अव्वा हाय का ते," ती म्हणाली.

"म्हणजे? कुठं जाणार आहे ती?"

ती माझ्या बाजूनं निसटून शाळेकडे पळाली.

त्या दिवशी मी शिवकांताबाईंच्या घरात पहिल्यांदा बसले. खिडकीला आतून गोणपाट लावलेलं होतं. त्यांनी पदर मागं घेतला. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लालभडक चट्टा, कपाळावरचे केस विरळ झालेले, बोटांची पेरं सुजलेली. मी बघतेय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "भिऊ नका, बाई. धा वर्सं झाली, नवऱ्याला न्हाई लागलं, पोरीला न्हाई लागलं."

मग हळूहळू, रोज थोडं थोडं करून, त्यांनी सगळं सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात मोंढा ओस पडला. मापायला मालच नाही, तिथं मापाडी काय करणार? माणिकप्पा बायकोला घेऊन गावी गेले आणि दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागले. शिवकांताबाईंची त्याआधी दोन मुलं पोटात असतानाच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. "उनात बसलं की तोंड भाजल्यावानी व्हायचं. हातोडा धरवायचा न्हाई. मुकादम म्हणायचा, आळशी हायस. मला बी वाटायचं, आसंन आपण आळशी." सातव्या महिन्यापर्यंत त्या खडी फोडत होत्या. महानंदा वैशाखात जन्मली, कमी दिवसांची, मुठीएवढी.

बाळंतपणानंतर केस पुंजक्यांनी गळाले. तोंडात फोड आले. सासूनं, पार्वतम्मानं, एक दिवस ताट आणि तांब्या वेगळा करून दिला. मूल पाजण्यापुरतं हातात द्यायची, पाजून झालं की काढून न्यायची. "पोरगी माझ्याकडं बघत बघत जायची," त्या म्हणाल्या. दीड वर्ष हे चाललं. शेवटी माणिकप्पा आईला म्हणाले, "हिला लागलं तर मला बी लागंल," आणि बायको-पोरीला घेऊन परत लातूरला आले.

जिल्हा झाल्यावर सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर येऊ लागले होते. त्यातल्या एकाकडे मी त्यांना घेऊन गेले. महानंदानं वाटभर आईच्या डोक्यावर छत्री धरली, तिची स्वतःची पाठ उन्हात. डॉक्टर तरुण होते. त्यांनी चट्ट्याकडे पाहिलं, बोटं दाबली आणि विचारलं, "उन्हात गेलं की वाढतं का हे?"

शिवकांताबाई रडायलाच लागल्या. दहा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

लघवी, रक्त सगळं तपासून झालं. डॉक्टर म्हणाले, हा महारोग नाही. ह्याला ल्यूपस म्हणतात. अंगात जी ताकद रोगाशी लढते, तीच चुकून आपल्या अंगावर उलटते. हा कुणाला लागत नाही. पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. ऊन टाळायचं, आणि गोळी कधीही आपल्या मनानं बंद करायची नाही.

गोळ्यांनी त्यांचा चेहरा गोल झाला, पण चट्टा फिकटला, सांधे वळायला लागले. गल्लीतल्या बायका येऊन बसू लागल्या. मी त्यांच्या हातचा चहा प्याले. दोन-तीन वर्षांनी कधी दुखणं उसळायचं, मग पंधरा-पंधरा दिवस दवाखाना. तेव्हा दहा-बारा वर्षांची महानंदा स्वयंपाक करून अप्पांचा डबा भरायची आणि दप्तर घेऊन आईच्या खाटेशी बसायची.

आई सावरली, पोरगी सावरली नाही. हे मला फार उशिरा कळलं. शाळेत पहिला नंबर, वागायला शहाणी, कधी हट्ट नाही, कधी मैत्रीण नाही. आम्ही सगळे तिचं कौतुक करायचो. ती हसते का, हे कुणी पाहिलं नाही. रोज सकाळी आईच्या हातावर गोळी ठेवायची ती. आई कुठं दिसली नाही की हातातलं काम टाकून शोधत फिरायची.

बारावीची परीक्षा झाली त्या एप्रिलात, एक्क्याण्णवमध्ये, भर बारा वाजता घरमालकीण ओरडत आली. महानंदा गच्चीवर उभी होती. अनवाणी, डोकं उघडं, तोंड वर केलेलं. पायाला फोड आले होते. मी हात धरून ओढलं.

"काय करतेस, नंदा?"

"अव्वाच्या वाट्याचं ऊन मी घ्यायलेय, बाई," ती शांतपणे म्हणाली. "मी समदं घेतलं तर तिला उरायचं न्हाई. मला तसं सांगायलेत."

"कोण सांगतंय?"

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मला ऐकू येत नाही याचंच तिला नवल वाटलं.

सोलापूरला मनाच्या आजाराचे डॉक्टर होते. माणिकप्पांचा धीर सुटला होता. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच जावा, मला बोलता यायचं न्हाई." म्हणून मी, शिवकांताबाई आणि महानंदा गेलो. डॉक्टरांनी मुलीशी बोलून घेतलं आणि मग आम्हाला नेहमीचे प्रश्न विचारले. घरात आणखी कुणाला असं आहे का? जन्म वेळेवर झाला का? गरोदरपणी आईला काही आजार होता का?

उत्तरं मी दिली. शिवकांताबाई तोंड उघडायच्या आत मी दिली. वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं सगळं सांगितलं: खडी, ऊन, चट्टा, कमी दिवसांचं बाळ, ताट वेगळं केलेलं. डॉक्टर लिहीत गेले. काही कमी पडू नये म्हणून मी आणखी सांगत गेले. शेजारी त्या पदर ओढून बसल्या होत्या. त्या ऐकत होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

परतीच्या एसटीत महानंदा इंजेक्शननं गुंगून आईच्या खांद्यावर झोपली होती. तुळजापूर मागं पडल्यावर शिवकांताबाईंनी विचारलं, "बाई, माझ्या पोटात आसतानाच लागलं म्हणायचं का तिला?"

मी दमले होते. सीटचं लोखंड तापलेलं, मनात तपासायच्या पेपरांचे गठ्ठे. मी म्हणाले, "असेलही. डॉक्टर उगाच कशाला विचारतील?"

शिवकांताबाई लातूर येईपर्यंत पोरीच्या केसांवरून हात फिरवत होत्या.

गोळ्यांनी महानंदा दसऱ्यापर्यंत बरीच निवळली. आवाज कमी झाले, जेवायला लागली. शिवकांताबाईंच्या चेहऱ्याची गोल सूज उतरली होती. दिवाळीत मी त्यांना म्हणाले, "किती छान दिसतो आता चेहरा!" त्या हसल्या.

फेब्रुवारीत त्यांचे पाय सुजले. मग पोट. दवाखान्यात डॉक्टर चिडून म्हणाले, गोळ्या बंद केल्यात का? महानंदा ओरडली, "रोज मी माझ्या हातानं देते!" ती पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा शिवकांताबाईंनी मला जवळ बोलावलं.

"न्हाई घेतल्या, बाई. जिभीखाली धरायचे आन् ती गेली की थुकायचे. दसऱ्याच्या आदीपासून."

"का? अहो, का?"

"माझ्या अंगातलं तिला लागलं. मग ह्या अंगाला कशाला राखायचं?" दम घेऊन त्या म्हणाल्या, "आन् बघा की, मी सोडल्यापासून ती बरी व्हायलीय."

मी सांगितलं, ती तिच्या गोळ्यांनी बरी होतेय. मी सांगितलं, डॉक्टर तसं म्हणालेच नाहीत, ते मी बोलले होते, न विचार करता बोलले होते. त्यांनी माझा हात थोपटला. माझी समजूत काढत असल्यासारखा. मूत्रपिंडं निकामी झाली होती. किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या. लिंगायतांत देह बसवून पुरतात. बसवलेल्या देहावर लोक बेलपानं आणि विभूती टाकत होते आणि महानंदा कोरड्या डोळ्यांनी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होती.

त्यानंतर ती दोनदा दवाखान्यात राहून आली. कॉलेज सुटलं, लग्न झालं नाही. माणिकप्पांनी तिला सतरा वर्षं सांभाळलं, तिची वेणीसुद्धा घालायचे. ते गेल्यावर ती एका डाळ मिलमध्ये डाळ पाखडायला जाऊ लागली. औषध चालू असलं की ठीक असते. सोमवारी देवळातून येताना माझ्याकडे येते. यजमान गेल्यापासून मीही एकटीच असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांसाठी एका डॉक्टरीणबाईंकडे जात होते. एकदा न राहवून मायलेकींचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, आईला असा आजार असला तर मुलांना पुढं मनाचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त दिसते. थोडीच. बहुतेक मुलांना काही होत नाही. आणि का होतं, ते अजून नीट कळलेलं नाही. पोटात असतानाचं काही असेल, घरातली सततची भीती असेल, आईपासून दूर राहणं असेल. आईचा दोष तर कुठंच नाही." फी देऊन मी बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. एवढंच बोलायचं होतं एसटीत. तेव्हा बाकीचं कुणाला ठाऊक नव्हतं, पण दोष नाही हे तरी मला ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी मी महानंदाला सगळं सांगितलं. गोळ्या जिभेखाली धरल्याचं आणि मी काय बोलले तेही. पंचेचाळिशीची बाई ती, केस पांढरे झालेली.

"मला वाटायचं, माझ्या हातून कुठंतरी गोळी चुकली म्हणून गेली," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं मोजायलेय, कुठली चुकली ते."

"तुझी एकही चुकली नाही गं."

"अव्वाला कुणीतरी तसंच सांगायला पायजे होतं."

"मी होते ना तिथं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "तुम्ही होता."

ती उठून गेली. पुढचे चार सोमवार आली नाही. मी जेवत नव्हते, मोलकरीण कुरकुरायची. पाचव्या सोमवारी आली, उंबऱ्याच्या आत बसली, मी पाणी दिलं ते प्याली. मग विचारलं, "बाई, दुखणं यायच्या आदी अव्वा दिसायला कशी होती?"

मी त्यांना निरोगी कधी पाहिलंच नव्हतं, फोटो कुणी काढलेला नव्हता, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्यापैकी आता कुणी उरलेलं नाही.